वरचे वीस रुपये

गाडीवाल्याचा वकील म्हणाला,
साहेब, आपल्या गुजरातेत दारूबंदी.
मिळतच नाही, तर माझा अशील प्यायला कुठून?
विमावाल्यांचा म्हणाला,
प्यायलाच होता, चांगला तर्र होता,
म्हणून तर पैसे आम्ही द्यायचे नाहीत.
मधल्या सुट्टीत दोघं एकाच थर्मासमधला चहा पीत होते.
मी समोर. उजवा हात पदराखाली.

नवरात्राला पाच दिवस होते.
दांडिया बाजारातून फतेगंजला अकरा चोळ्या पोचवायच्या,
स्कूटरवर पायाशी गाठोडं.
काळ्या घोड्यापाशी मी थांबलेलीच होते, सिग्नल लाल.
तो थांबला नाही.
आठवतं ते एवढंच, की आभली सांडली होती रस्ताभर
आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा दिवा त्यांत
तुकड्यातुकड्यांनी पेटत होता.
कुणीतरी म्हणालं, सांभाळून, काच आहे.

पंचनाम्यात लिहिलंय: कापडी गाठोडं, नग एक.
त्याचं रक्त घेतलं साडेचार तासांनी.
शेंगवाल्या रमणकाकानं साक्ष दिली, वास येत होता.
कशाचा?
साहेब, आता मी काय सांगू,
दारूबंदी आहे ना.
कोर्ट हसलं. मीही हसले.

मग माझी पाळी. उत्पन्नाचा पुरावा?
मी वही दिली. चौदा वर्षांची.
छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, बाही कोपरापर्यंत,
पाठ खोल,
आईला न सांगता आणखी अर्धा इंच खोल.
न्यायाधीशबाई पानं उलटत एका पानावर थांबल्या.
विमावाला म्हणाला, ही मापं आहेत, कमाई नाही.
माझ्या वकील दर्शनाबेन कानाशी म्हणाल्या, थई जशे.
सहा वर्षं, थई जशे.

तो एकदाच आला, नुसता हजेरीला.
पांढरा शर्ट. तिसरं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं,
तेही एका टाक्यावर लोंबतंय.
घरी बघणारं कुणी नसावं.
राग यायला हवा होता, त्यासाठी तर मी तीन वर्षं थांबले होते,
आणि डोळे त्या बटणावरून हलेनात.

निकाल लागला.
महिना आठ हजार धरले (मी बारा सांगितले होते),
गुणिले बारा,
गुणिले अकरा, ते माझ्या वयाचे,
गुणिले बावीस टक्के, तो माझा हात.
दोन लाख बत्तीस हजार तीनशे वीस.
औषधांचे वेगळे. यातनांचे पंचवीस हजार, ठोक.
कंपनीनं आधी द्यायचे, मग त्याच्याकडून वसूल करायचे.
लाख कळले. हजार कळले.
रात्रभर मी त्या वरच्या वीसशी अडले.
कुठलं बोट ते? कुठला सांधा?
अंगठा तर्जनीला टेकत नाही,
मधे हरभऱ्याएवढी फट राहते.
बावीस टक्के म्हणतात ती एवढीच.
तिथूनच सगळा दोरा जायचा.

बँकेत म्हणाले, सही जुळत नाही.
कार्डावरची हेमलता दिगंबर जगदाळे
ह-ची शेपटी खाली ओढून गाठ मारायची.
ही डाव्या हातानं केलेली, पहिलीतल्या पोरीची.
अंगठा लावा, काउंटरवरची म्हणाली.
मी डावा पुढे केला.
नाही मासी, बायकांचा उजवा.
तिनंच धरला, शाईत दाबला, कागदावर लोळवला.
दुखतंय का, विचारलं.
कोर्टातही विचारलं होतं,
पण तिथं उत्तर सिद्ध करावं लागायचं.

येताना मंगळबाजारात वीसच्या सुया घेतल्या, नऊ नंबरच्या.
शेजारची मिताली शाळेतून आली की ओवून ठेवते,
पंधरा-सोळा, उशीला टोचून,
लाल, मोरपंखी, पांढऱ्या.
दिवसभरात सगळ्या संपतात.
काळी एक राहते मागे, नेहमी.