दोननंतर

विनिपेगला जानेवारीत थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते.
तशा रात्री सोळा माणसं आली होती,
सतरावी मी, तिकीट काढून.
कुणी ओळखलं नाही. ओळखणार कसं?
पडद्यावरची मी एकोणीस वर्षांची, डोकं भादरलेली,
काचेच्या पलीकडची.

शूटिंग झालं बंद पडलेल्या पाच मजली पीठगिरणीत.
तो पांढरा पिरॅमिड प्लायवूडचा, आतून खिळे वर आलेले.
लाल उजेड म्हणजे ट्यूबलाइटला गुंडाळलेला जिलेटीनचा कागद,
तापला की गोडसर वास यायचा,
जॅम करपल्यासारखा.
डॉक्टर झालेले मिरोस्लाव हालुश्को एरवी विमा विकत.
टोपाखाली घाम. थर्मासमधलं बीटचं सूप
मला अर्धं देत,
आणि पेटुरसन ओरडे, ओठ पुसा तिचे!
त्या उजेडात लाल दिसतं कुठे, पण तो ओरडे.

मग सिंथेसायझरचा एकच सूर, दाढेत जाऊन बसणारा,
आणि हालुश्को माझ्या डोळ्यांत बघत उलटे मोजत:
दहा. नऊ. आठ. इतके सावकाश
की मधल्या फटीत झोप लागावी.
तीन. दोन.
दिवे गेले.
कुणीतरी हसलं, कुणीतरी फ्यूज शोधत गेलं.
पैसे संपलेच होते. दुसऱ्या दिवशी हालुश्को आले नाहीत.
गाडी घसरली म्हणे, बर्फावरून.

एक म्हणायचं राहून गेलं.

नंतर लग्न झालं, मोडलं, मुलं झाली, गुडघे गेले.
पण लिफ्ट दोनवरून खाली निघाली
की मी डोळे मिटून घ्यायचे.
मायक्रोवेव्ह कधी संपू दिला नाही.
धाकटा चिडवायचा, आई बॉम्ब निकामी करते.

आज नव्याने धुऊन काढलेली प्रिंट.
रंग असे, की डोळ्यांना चव यावी.
तीन, म्हणाले हालुश्को.
दोन.
आता अंधार व्हायला हवा होता.
त्यांनी टोप काढला. कपाळ पुसलं.
थर्मासच्या झाकणात सूप ओतून माझ्यापुढे धरलं,
आणि सहज,
हप्त्याची तारीख सांगावी तसं,
म्हणाले.

दिवे लागले. लोकांनी हातमोजे चढवले.
शेवट काही कळला नाही, कुणीतरी म्हणालं.
आठव्या रांगेत माझा कोट राहिलाय,
बाह्या मांडीवर घेऊन बसल्यासारखा.
झाडूवाला पोरगा तो उचलतो, खिसे चाचपतो,
इकडे बघतो.

इकडे सगळं लाल आहे.
सूप अजून गरम.