सुटे

चौतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या छापखान्यात, ट्यूबलाइटखाली.
शाईचा ठिपका केसभर सरकला
की अख्खा कागद बाजूला.
नोट मला माहीत होती ती कोरीच,
कडक, कुणाच्याही बोटांचा वास न लागलेली.

आज सोमवार. देवळालीगावचा बाजार.
वैशाखाचं ऊन नऊ वाजताच मानेवर बसलेलं.
वालदेवीच्या पुलापासून थोडं आत
गोणपाट अंथरून मी बसलोय.
समोर सव्वीस काकड्या,
घोसाळ्यांचा ढीग (ढीग म्हणजे अकरा),
लिंबं, आणि कढीपत्ता,
मंदाकिनीनं शिवणाच्या लाल दोऱ्यानं
जुड्या बांधून दिलेला.

भाव काय लावायचा ते घरी ठरलं होतं.
ओरडायचं कसं ते राहून गेलं.

शेजारी ठकूबाई मेंगाळ,
घोटीहून पहाटेच्या गाडीनं आलेली.
पाटीत करवंदं, मांडीशी पळसाचे द्रोण.
ती ओरडतही नाही,
हवेला नुसतं सांगते, डोंगरची मैना आली गं,
आणि हवा गिऱ्हाईक घेऊन येते.

मी घसा खाकरला.
'काकडी,' म्हणालो.
ऐकू गेलं असेल तर काकडीलाच.

'मास्तर, जित्या मालाला जिता आवाज लागतो,'
ठकूबाई म्हणाली.
मी मास्तर नाही हे सांगायलाही
जरा मोठ्यानंच बोलावं लागलं असतं.

पहाटे परसात मी माल निवडला होता,
सरळ इकडे, वाकड्या तिकडे.
सवय.
मंदाकिनीनं तिकडची पिशवीही
गुपचूप हँडलला अडकवली.
आणि भवानी झाली ती तिच्यातूनच:
एका म्हातारीनं कोयत्यासारखी वळलेली काकडी उचलली,
बुडखा मोडून जिभेला लावला,
म्हणाली, 'पोटात गेल्यावर कोण बघतंय.'

मग आली ती, डोक्यावर चुंबळ तशीच,
कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं.
तीन काकड्या, दोन लिंबं.
कमरेच्या पिशवीतून तिनं एक नोट काढली,
चार घड्यांची, मधोमध चिकटपट्टी,
कोपऱ्यात निळ्या पेनानं कुणाचा तरी फोन नंबर
आणि पुढे 'मामा'.
घामानं मऊ. तंबाखूचा वास.

माझा हात आपोआप वर गेला,
नोट उन्हात धरली.

'खोटी नाय, बाबा,' ती म्हणाली.
हळूच म्हणाली, पण मघाच्या माझ्या 'काकडी'पेक्षा
कितीतरी लांब ऐकू गेलं.

तिला काय सांगणार,
की मी खरंखोटं बघत नव्हतो.
नंबर बघत होतो.
ही माझ्या टेबलावरून गेलेली असू शकते,
एखाद्या मंगळवारी, डबा खायच्या आधी,
मी तिला पास म्हटलं असेल
आणि ती निघाली असेल,
कुठल्या गल्ल्यांतून, कुठल्या पदरांतून,
कुणाच्या मामाला निरोप पोचवत.

'चालेल,' म्हणालो. 'चांगली आहे.'

सुटे नव्हते.
ठकूबाईनं न विचारता माझ्या हातावर चिल्लर ठेवली,
बदल्यात एक काकडी घेतली,
गुडघ्यावर आपटून मोडली,
मीठ तिच्याकडे होतं.
अर्धी तिनं त्या बाईला दिली.
कुणाचं कुणाकडे किती राहिलं
याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

दुपारपर्यंत मी ओरडलो.
चांगलं नाही, पण ओरडलो.
'मखमल काकडी' असं काहीतरी तोंडातून गेलं
आणि दोन पोरी हसत थांबल्या.

घरी ओट्यावर पैसे मांडले.
तीस रुपये कमी भरले.
छापखान्यात दारं बंद झाली असती,
भोंगा, झडती, एकेकाचे बूट.
मंदाकिनीनं फक्त विचारलं,
'एखादी कडू निघाली का?'

मी नोटा वेगळ्या करत होतो.
करवंदांच्या चिकानं
त्या एकमेकींना धरून बसल्या होत्या,
ओढल्या असत्या तर फाटल्या असत्या.
तशाच पंख्याखाली ठेवल्या,
वर एक लिंबू ठेवलं.