ठळक, अरुंद

देवगडच्या तिठ्यावर माझं फ्लेक्सचं दुकान.
वाढदिवस, निधन, दहीकाला, हापूसची पेटी,
सगळं एकाच मशीनमधून, एकाच वासाचं.

जयवंत मुणगेकर होडीचं नाव घेऊन आला:
श्री रवळनाथ सातेरी कृपाप्रसाद.
नाळेजवळची फळी पाच विती,
नाव दहा विती.
मी नेहमीचं केलं. माऊसने कोपरा धरला
आणि अक्षरं दाबली, निम्म्यावर.
कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही.

पास्कू पेंटर तेव्हा बाकावर बसलेला,
डोळ्यांत मोतीबिंदू, नखांत अजून जुना निळा.
या बंदरातल्या निम्म्या नाळा त्यानेच लिहिलेल्या.
स्क्रीनला नाक लावून म्हणाला,
"ह्येंका कोणी जेवूक घालूक नाय रे?"

मग पाहिलं. खरंच.
शिरोरेघ होती तेवढीच जाड,
खालचे काने मात्र काड्या झालेले:
डोक्यावर भरली पाटी, पाय तापातून उठलेले.

"दाबू नको. नव्यान काढ.
दांडो जाड ठेव, पोट अरुंद,
पण पोटातसून वारो फिराक व्हयो.
टोकाक नखरो नको.
कोयत्यान फांदी तोडतंस, तसो सरळ काप."

आठवडाभर तेच.
ऐसपैस लोळणाऱ्या 'ळ'ला उभं राहायला शिकवलं.
'क'चे दोन्ही कान आत घेतले.
मात्रा इतकी बुटकी की वाऱ्याने उडू नये.
'श्री'ने तीन रात्री खाल्ल्या.
काळं भरणं सोपं होतं;
मधलं पांढरं राखताना घाम फुटला.
तांदळाएवढं उरलं तरी अक्षर जगतं,
त्याहून कमी झालं की नुसता डाग.

जामसंड्याच्या सहा आसनीत नऊजणी बसतात,
टोपल्या मांडीवर, खांदे तिरके,
तरी प्रत्येकीचा चेहरा दिसतो. तसं.

आता तोच साचा सगळीकडे.
आंब्याच्या पेटीवर, चार बोटांच्या फळीत बागायतदाराचं अख्खं घराणं.
जेटीच्या टोकाला: खोल पाणी, उतरू नये.
निधनाच्या बोर्डावर तर फारच उपयोगी,
जावई, भाचे, मुंबईचं मंडळ, सगळे मावतात,
रुसवे कमी होतात.

होडी पाण्यात गेली त्या संध्याकाळी
पास्कूला जेटीवर नेला.
"दिसता काय?"
बराच वेळ हाताची झापड करून बघत राहिला.
"नाव नाय दिसणा. काळो पट्टो दिसता.
मदी मदी उजेड दिसता.
म्हंजे डोळे असलेल्याक वाचूक येतला."

जयवंताने बिल अजून चुकतं केलेलं नाही.
होडी रोज दिसते,
अगदी लांबून.