डिलिव्हरी

वर्धा रोडवर, काचेआड, एसीच्या झोताखाली
मी विम्याच्या टेबलावर बसते.
गाड्या विकणारी पोरं पुढे, टाय लावून.
गाडीत फारसं सुटत नाही,
मार्चअखेर शेठचा चेहरा पाहिला की कळतं:
कंपनीनं गळ्यात मारलेल्या बेचाळीस गाड्या
वाडीच्या यार्डात ऊन खात उभ्या,
आणि बँकेचं व्याज रविवारीही चालू.

सुटतं ते माझ्याकडे.
विम्यात, कर्जामागच्या टक्क्यात,
वाढीव वॉरंटीत, जिची फाईल सहसा कोणी उघडत नाही,
आणि त्या रबरी मॅटमध्ये,
आम्हाला साडेचारशेला पडते ती.
बिलात तिचं नाव इंग्रजीत असतं.

आज उमरेडहून झाडेकाका आले.
वेकोलितून रिटायर, सोबत बायको, नातू.
वीस हजार कमी करून घेतले म्हणून खूश.
मी सरकवलेल्या कागदांवर सह्या करत गेले,
खाणीतल्या हजेरीसारख्या, भराभर, न वाचता.
बाहेर हार, नारळ, चाकाखाली लिंबू,
फोटोसाठी हातात थर्माकोलची मोठी किल्ली.

मग एकटेच आत आले परत.
संत्रा बर्फीचा डबा उघडून, आवाज खाली आणून म्हणाले,
"इतके कमी केले तुमी,
तुमचं नुकसान तं नाही झालं ना वं, पोरी?"

मी एक तुकडा उचलला.
"नाही जी, काका."
ते खरंच होतं.
पहिली सर्व्हिस फुकट आहे, म्हटलं,
तेही खरं.
दुसरीचं त्यांनी विचारलं नाही.