टेबलाखालचे स्टिकर

आर्डिस टॉलेफसन गेली त्या रात्री
पारा उणे एकतीसवर होता.
शववाहिका तीनदा खोकली आणि गप्प झाली.
वाटलं, आता मागून आवाज येणार :
"चोक ओढ. शिव्या नको देऊस, तिला ऐकू येतं."

तिच्याकडे लागलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा,
मयताला हात लावताना डोळे मिटणारा.
तिनं माझ्या हातात कंगवा दिला.
म्हणाली, भांग कुठल्या बाजूला पाडायचे
ते आधी घरच्यांना विचार.
बाकीचं येतं हळूहळू.

त्याआधी बावीस वर्षं ती
हवाई दलातल्या एका सार्जंटची बायको होती.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर :
टेक्सस, ओकिनावा,
जर्मनीतलं एक गाव, ज्याचं नाव तिला
उच्चारता यायचं, लिहिता नाही,
आणि शेवटी हे नॉर्थ डकोटा, जिथं वारा
दार न वाजवताच आत येतो.
चौदा घरं.
पडदे लांब झाले तरी ती कापायची नाही,
दुमडून टाके घालायची.
पुढची खिडकी केवढी असेल, कुणाला ठाऊक.

तळावरच्या वसाहतीत निळी सरकारी गाडी शिरली
की बायका हातातलं टाकून
जाळीच्या दारामागे उभ्या राहायच्या.
गाडी आपल्या घरावरून पुढे जाऊ दे.
पुढे म्हणजे कुणाच्या तरी दारात,
हे कळत असूनही
तेच, पुन्हा पुन्हा.
एकदा ती थांबली लोइस ब्रँडव्होल्डच्या घरापाशी.
आर्डिस गेली. ओव्हन बंद केला,
पोरांना जेवू घातलं,
आणि मग लोइसच्या नवऱ्याच्या
सगळ्या शर्टांना इस्त्री करत बसली पहाटेपर्यंत.
कुणी सांगितलं नव्हतं.
"तिथून सुरू झालं बघ," असं ती म्हणायची.
कधी म्हणायची, "छे, पैसे हवे होते."

ओरिन मात्र दर वेळी धड परत आला,
आणि निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात
गॅरेजात बर्फाचं फावडं शोधता शोधता गेला.
त्याच्या छातीवरच्या फिती
दुकानदारानं उलट्या क्रमानं लावल्या होत्या.
तिनं सगळ्यांदेखत एकेक काढली,
एकेक लावली.
पुढच्या सप्टेंबरात ती कॉलेजच्या बाकावर बसली,
सत्तेचाळिसाव्या वर्षी,
आणि त्यानंतर सहा वर्षांनी तेच दुकान विकत घेतलं.

इथं हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी होते.
डिसेंबरात गेलेल्यांना एप्रिलपर्यंत
मागच्या शेडमध्ये थांबावं लागतं.
रोज संध्याकाळी ती तिथं जायची,
दिवा लावायची, पारा किती उतरला ते सांगायची,
कुणाच्या गायीला वासरू झालं, तेही.
मी हसलो होतो एकदा.
"थांबून राहणं सोपं नसतं रे," एवढंच म्हणाली.

तिची स्वतःची फाइल तिनंच भरून ठेवली होती, पेन्सिलीनं.
निळा ड्रेस. चष्मा नको, कुणाला तरी द्या.
तो गुलाबी लिपस्टिक अजिबात नाही.
कॉफी कडक, पाणचट दिलीत तर उठून बसेन.
"कोण करणार" च्या पुढे माझं नाव,
नेहमीसारखंच चुकीच्या स्पेलिंगनं.
भजनाचा रकाना कोरा.
तिचे केस विंचरताना हात थांबला :
भांग कुठल्या बाजूला, विचारू कुणाला?
अठ्ठावीस वर्षं समोर होती,
आणि मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

लोक ज्या टेबलाशी बसून पेटी निवडतात
ते तिचं जेवणाचं टेबल.
काल हॉल मोकळा करायला उलटं केलं,
तर खाली सामान हलवणाऱ्यांचे स्टिकर :
पिवळे, हिरवे, एक फाटलेला नारिंगी,
प्रत्येकावर वेगळा नंबर.
मोजले. तेराच निघाले.
एक घर कुठंतरी गळून पडलंय.

संध्याकाळी शेडमध्ये गेलो, दिवा लावला.
आज उणे बावीस, आर्डिस.
गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.