शेऱ्याचा रकाना

ऑक्टोबरात सतरा पूर्णांक सहा.
नोव्हेंबरात सोळा.
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेरा पूर्णांक नऊ,
आणि काकांनी पेनाचं टोपण दातांत धरलं.

काका म्हणजे माझे वडील.
महालेखाकार कार्यालयात चौतीस वर्षं
दुसऱ्यांच्या खर्चांवर खुणा करत बसले.
आता तपासायला उरलीय एक पांढरी वॅगनार,
तिची लांबट वही,
आणि दौलतगंजातून मुरारच्या शाळेत
ती रोज नेणारी मी.
जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. हेही वहीत आहे.

पहिला संशय अर्थातच पंपावर.
गोले का मंदिरचा सोडला, पडावचा धरला.
काका स्वतः आले, मफलर गुंडाळून,
मशीनवरच्या शून्याकडे असे बघत राहिले
की पोऱ्यानं दुसऱ्यांदा शून्य करून दाखवलं.
नोझल पहिल्यांदा टक् करून थांबलं की बास,
वर एक थेंब नाही.
पडावच्या पेट्रोलवरही तेराच.
पंप सुटला.

मग चाकं. पाच-पाच पौंड हवा कमी.
कुणी काढली नव्हती,
हवाच आखडून बसली होती आत,
पांघरुणात पाय पोटाशी घेतात तशी.
भरली. अर्धा किलोमीटर परत आला.
काकांनी तो हिरव्या शाईनं जमा केला.

रामनरेश मिस्त्रीनं बॉनेट उचललं, बिडी विझवली.
म्हणाला, रात्रभर उघड्यावर उभी असते,
तेल काकवीसारखं होतं,
इंजिन गरम होईस्तोवर पेट्रोल जास्तच पिणार,
आणि तुमचा अर्धा रस्ता तर गरम होण्यातच जातो.
"साब, जाड़े में तो आदमी भी दो रोटी ज़्यादा खाता है."
काकांनी तेही लिहून घेतलं.
फक्त पोळ्यांचा आकडा पक्का आहे का, विचारलं.

त्या रात्री पत्रावळभर आकडेमोड.
थंड इंजिन: दीड.
धुक्यात दुसऱ्या गिअरवर रांगणं,
किल्ला सोडा, पुढची रिक्षाही दिसत नाही तेव्हा: अर्धा.
बेरीज, वजाबाकी, चष्मा पुसून पुन्हा वजाबाकी.
उरले एक पूर्णांक दोन.
याला आधार नाही, काका म्हणाले,
हे गेलं कुठे?

मी कणीक मळत होते.
मला माहीत होतं.

शाळा सुटल्यावर, घराच्या अलीकडे,
गजकवाल्याच्या दुकानापुढे मी गाडी थांबवते.
आत दोघं जण मोगरीनं तीळ कुटत असतात,
एकाचा घाव पडला की दुसऱ्याचा.
इंजिन चालू, पायांवर गरम वारा.
रडत वगैरे नाही. फोनही नाही.
मागं पन्नास वह्या तपासायच्या,
पुढं भाजी, औषधं,
आणि मावशीनं धाडलेलं दुसरेपणाचं एखादं स्थळ;
या दोन्हींच्या मध्ये
कुणाच्याच हिशोबात नसलेली थोडी ऊब.
किती वेळ, मी कधी मोजला नाही.

काकांनी मोजला.
मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी वही उघडी होती.
समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
रोज पंच्याऐंशी मिलिलीटर.
उभी गाडी.
आठ मिनिटं.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, शाईनं:
हिवाळा.

जेवताना वर न बघता म्हणाले,
"उभ्या गाडीत इंजिन चालू असलं,
की काच बोटभर उघडी ठेवावी."
मी म्हटलं, गार वारा येतो.
"येऊ दे," म्हणाले,
आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.