जावक क्रमांक सत्तेचाळीस

माझगावच्या आमच्या मंडळीत
चिटणीस म्हणून अकरा वर्षं माझी सही चालली.
अक्षर बरं. आवाज त्याहून बरा.
प्रार्थनेला उभा राहिलो की
मागच्या बाकावरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या
आणि मिटल्या पापण्यांच्या फटीतून
मी ते बघून घ्यायचो.

दीनाबाई रणपिसे उपासनेला उशिरा यायच्या,
दुसरं गीत संपता संपता,
चपला हातात घेऊन.
खांबाच्या आडोशाला बसायच्या
आणि उपदेश सुरू झाला की झोपायच्या.
डुलकी नव्हे. झोप. तोंड उघडं टाकून.
एकदा तर पाळकसाहेब क्षमेवर बोलत असताना
घोरल्या.

कमिटीत विषय निघाला.
त्रिभुवन वडील म्हणाले, हे देवाचं घर आहे, धर्मशाळा नव्हे.
कुणीतरी वर्गणीची वही काढली:
चौदा महिने थकलेले.
कुणी म्हणालं, रात्रीची असते कुठे ही बाई?
आणि चहा येईपर्यंत
त्या प्रश्नाला प्रत्येकाने
थोडं थोडं तिखट लावलं.
पत्र मी लिहिलं.
'आपल्या वर्तनाने मंडळीच्या साक्षीला बाधा येत असून'
असं सुरू होणारं.
त्या 'येत असून'वर मी खूश होतो.
जावक क्रमांक सत्तेचाळीस.

त्यानंतरही त्या येत राहिल्या.
पत्र पोचलं का, हे विचारायला
मला कधी सवड झाली नाही.

मे महिन्यात बाबांना भायखळ्याच्या हॉस्पिटलात ठेवलं.
डॉक्टर म्हणाले, रात्री कुणीतरी थांबा.
त्या शुक्रवारी रात्रभरची प्रार्थना होती,
विषय, आजारी जनांसाठी,
चालवणारा मी.
फोन बंद करून खिशात टाकला.
माईकवरून बाबांचं नाव घेतलं, दोनदा.
दुसऱ्यांदा आवाज आपोआप कापला.
खरं सांगायचं तर, आपोआप नाही.

साडेपाचला फोन चालू केला.

वॉर्डात पडदा ओढलेला.
बाबांची हनुवटी पट्टीने बांधलेली,
नखं स्वच्छ,
केस पाणी लावून उजवीकडे वळवलेले,
जन्मभर ते वळवायचे तसे.
हे कुणाला ठाऊक होतं?
खाटेपाशी निळ्या काठाच्या साडीतली आयाबाई
बादली उचलून निघाली होती.
दीनाबाई.
दर रविवारी खांबाआडून
पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याचा भांग
त्यांनी पाहिला असणार.

त्यांनी मला काही सुनावलं नाही.
एवढंच म्हणाल्या,
पावणेचारला गेले.
पाणी मागत होते, कापसाने ओठ ओले केले.
तू कोण, विचारलं. म्हटलं, मंडळीतली.
मग माझा हात धरून म्हणाले, आलास का?
मी हो म्हटलं.
खोटं बोलले, साहेब.
तेवढं प्रभू बघून घेईल.

शिवडीला त्रिभुवन वडील वीस मिनिटं बोलले.
मातीच्या ढिगाशेजारी, रात्रपाळी सुटून आलेल्या
दीनाबाईंनी उभ्या उभ्या डोळे मिटले.
ती प्रार्थना होती की झोप,
मला कळलं नाही. अजून कळत नाही.

राजीनामा मी दिलेला नाही.
जावक वहीचं पान फाडता येत नाही,
शेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस आला
तर ऑडिटर विचारतो.
प्रार्थनेला बोलावलं की अजून उभा राहतो,
शब्द येतात, तेच ते, धुतलेले, इस्त्रीचे.

फक्त रविवारी उपदेश सुरू झाला की
मी जागचा उठतो
आणि भिंतीवरच्या पंख्याची मान
खांबाकडे वळवून ठेवतो.
त्रिभुवन वडील घाम पुसत माझ्याकडे बघतात.
त्या झोपतात.
तोंड उघडं टाकून.